यंत्रातली मींड

'डिस्को' हा शब्द कानी पडला की आमच्या पिढीच्या कपाळाला आठी पडते. त्याच्या शेजारी 'राग' हा शब्द दिसला, तर मग विचारावयासच नको. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका आम्ही ऐकली ती अशी मनात किंतु धरूनच.

हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी ती १९८२ साली मुंबईत ध्वनिमुद्रित केली. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग. पण साथीला ना तबला, ना तंबोरा. होती ती रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे : ज्युपिटर-८ वर रागाची सुरावट, टीआर-८०८ वर ठेका आणि टीबी-३०३ वर खर्जात अखंड फिरणारी स्वरमालिका.

यातील ३०३ ची कथा मोठी गमतीची आहे. गिटारवादकाला सरावाच्या वेळी खर्जाची साथ मिळावी, म्हणून ते घडविले गेले. पण त्याचा आवाज खऱ्या वाद्यासारखा निघेना. १९८४ साली त्याचे उत्पादन थांबले आणि ती यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. पुढे शिकागो शहरातील 'फ्यूचर' या तरुणांच्या गटाने, ते वाजत असतानाच त्याची बटणे पिरगाळून, १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' ही ध्वनिमुद्रिका काढली. तीतून 'ॲसिड हाउस' हा नृत्यसंगीताचा प्रकार रूढ झाला. आजही नवे कलावंत त्या जुन्या आवाजाकडे पुनःपुन्हा वळतात.

मग हा प्रकार मुंबईनेच आधी शोधला, असे म्हणावे काय? तो मोह आम्ही आवरतो. साम्य आले ते यंत्रामुळे. मर्म निराळेच आहे. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याची सोय आहे. आपण तिला मींड म्हणतो. शिवाय राग एकाच षड्जाच्या आधाराने फुलतो, म्हणून खर्जातील आवर्तन त्याला जाचत नाही. पाश्चात्त्य गिटारवादकाला जे अपुरे वाटले, ते रागाला मानवले.

तत्कालीन श्रोत्यांनी मात्र या प्रयोगाकडे पाठ फिरविली. २०१० साली हॉलंडमधील एका संग्राहकाने ही ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे जगाचे कान टवकारले. सत्तरी ओलांडलेल्या सिंगांनी युरोपातील तरुण श्रोत्यांपुढे हे राग वाजविले. २०१५ साली ते निवर्तले.

यमन ओळखू आला आणि आमच्या कपाळावरची आठी सैल झाली. घरातील मुलांनी असले काही लावले, तर वाचकहो, दार लोटून घेण्यापूर्वी त्यातला राग तेवढा ओळखून पाहावा.