शी-शू, नरक्या आणि बिब्बा

टोपोटेकान आणि इरिनोटेकान या कर्करोगावरील दोन्ही औषधांचे मूळ द्रव्य असलेले कॅम्पटोथेसिन शी-शू या चिनी वृक्षातून वेगळे केल्याचे १९६६ साली प्रसिद्ध झाले, आणि ते काम करणाऱ्या मन्रो वॉल यांचे सहकारी मनसुख वाणी हे नंदुरबारला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेलेले रसायनशास्त्रज्ञ होते. चिनी वैद्यकात या वृक्षाला स्थान असले, तरी शोधाचे श्रेय त्या परंपरेला देता येत नाही. झाडाचा अर्क तपासला गेला तो कॉर्टिसोनसाठी कच्चा माल शोधताना, आणि कर्करोगावरील गुण मागाहून ध्यानात आला.

हा गुण कशात आहे? पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातील डीएनएची नक्कल व्हावी लागते. पीळदार दोरखंडाचे पेड एका टोकाकडून सोडवू लागले की पुढचा पीळ जसा अधिकच घट्ट होतो, तसाच ताण येथेही निर्माण होतो, आणि तो सैल करण्यासाठी टोपोआयसोमरेज-एक हे विकर डीएनएचा एक धागा कापून, पीळ उतरवून पुन्हा जोडते. कॅम्पटोथेसिन नेमके कापणे आणि जोडणे यांच्या मध्ये अडकून बसते; नक्कल करणारी यंत्रणा त्या न जुळलेल्या जागी येऊन आदळते, दोन्ही धागे तुटतात आणि पेशी मरते. मात्र अस्थिमज्जा व आतड्याचे अस्तर यांतील निरोगी पेशीही सतत दुभंगत असल्याने त्यांनाही हा मार बसतो, म्हणूनच मूळ द्रव्याच्या क्षारावरील चाचण्या १९७०च्या दशकात थांबवाव्या लागल्या. रेणूत फेरफार करून घडवलेल्या वरील दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ साली.

हेच द्रव्य सह्याद्रीतील नरक्या या उग्र वासाच्या झुडपात असल्याचे गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी मुंबईच्या सिबा संशोधन केंद्रातून १९७२ साली दाखवले, आणि पुढे त्याच द्रव्यापायी नरक्याची चोरटी तोड सुरू झाली.

सह्याद्रीपासून दूर, गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव-नागझिऱ्याच्या पानझडी जंगलात नरक्या नाही, पण बिब्बा आहे. त्याची गोडंबी लोक आवडीने खातात, पण फळाच्या काळ्या तेलाने बिब्बा उतला की कातडीवर फोड येतात, म्हणूनच आयुर्वेदात तो विटेच्या चुऱ्यात घोळून शुद्ध केल्याखेरीज वापरत नाहीत. त्याच्या अर्काने प्रयोगशाळेतील काचपात्रात कर्कपेशी मरतात असे प्रयोग झाले आहेत. परंतु कातडी जाळणारे तेल काचपात्रातील पेशी मारते यात फारसे नवल नाही, आणि रोगट पेशी मारून निरोगी पेशी राखणारी मात्रा रुग्णांवरील चाचण्यांतून ठरल्याशिवाय त्याला कर्करोगाचे औषध म्हणता येत नाही.