घासाघीस नेमकी कशावर?

आलिशान गाडीच्या ऑन-रोड किमतीच्या एकाच आकड्यावर घासाघीस करणं व्यर्थ आहे. त्यातला रस्ता-कर, नोंदणी शुल्क आणि १० लाखांवरच्या गाडीला लागणारा १ टक्का टीसीएस (खरेदीवेळीच गोळा होणारा आयकर) विक्रेत्याच्या हातात नसतो. टीसीएस तर आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. खरा वाव असतो तो विमा, अ‍ॅक्सेसरीज, जुन्या गाडीचा मोबदला आणि गेल्या वर्षी बनलेला शिल्लक माल यांत. म्हणून कोटेशन बाबवार मागायला हवं. चाकणला गाड्या बनवणाऱ्या मर्सिडीज-बेंझनं ऑक्टोबर २०२१मध्ये देशभर एकच किंमत लागू केली, मग भाव करायचा कशाचा, असं कुणी म्हणेल. पण ती किंमत फक्त गाडीची. विमा कोणत्याही कंपनीकडून घेण्याचा हक्क ग्राहकाचाच. ‘मोफत’ अ‍ॅक्सेसरीजपेक्षा बिलात दिसणारी सूट मागा. तिच्यामुळे जीएसटीही कमी बसतो.