राजगृह कोणत्या राजाचे?

आपल्या संस्थेच्या वतीने विद्यार्थ्यांची सहल काढली होती, त्या वेळची गोष्ट. पहिल्या दिवशी जव्हारचा जयविलास राजवाडा आणि दुसऱ्या दिवशी कसाऱ्याहून लोकलने दादर, असा कार्यक्रम होता. दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ पाहून आम्ही बाहेर आलो, तेव्हा नववीतील एका मुलीने आम्हाला विचारले, “काका, काल पाहिली ती राजबारी मुकणे राजांची. मग हे राजगृह कोणत्या राजाचं?” बरोबरची मुले हसली. आम्हाला मात्र हसू आले नाही. “बाबासाहेबांचं,” एवढेच सांगून आम्ही वेळ मारून नेली. त्यावर तिचा दुसरा प्रश्न आला, “म्हणजे बाबासाहेब श्रीमंत होते का?” या दोन प्रश्नांची नीट उत्तरे तिला आणि तिच्यासारख्या इतर मुलांना मिळावीत, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

प्रथम जव्हारविषयी. खोडाळ्याहून मोखाड्यामार्गे जव्हारला गेले की गावाजवळच्या टेकडीवर जयविलास राजवाडा दिसतो. यालाच राजबारी म्हणतात. इंग्रजी अमदानीत दगडात बांधलेली, घुमटांची ही वास्तू म्हणजे मुकणे घराण्याचे निवासस्थान. तिचा काही भाग पाहुण्यांना पाहता येतो. जुने सामानसुमान, चित्रे, शस्त्रे पाहताना मुले हरखून जातात, आणि त्यात गैर काही नाही. मुकणे घराणे महादेव कोळी समाजातील. जयबा मुकणे हे या घराण्याचे मूळ पुरुष मानले जातात आणि संस्थानचा इतिहास चौदाव्या शतकापासून, इ. स. १३४३ पासून सांगितला जातो. डोंगरदऱ्यांतील एका आदिवासी घराण्याने सहाशे वर्षे राज्य टिकवले, ही आपल्या भागाला अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळात, १९४८ साली हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजवाडा पाहताना राजाचे वैभव पाहावे, तसेच तो दगड ज्यांनी घडवला आणि वर चढवला त्यांचीही आठवण ठेवावी, एवढेच आम्ही मुलांना सांगितले होते.

आता राजगृहाविषयी. हे घरही इंग्रजी अमदानीतलेच. बाबासाहेबांनी हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले आणि १९३१ साली बांधकामास सुरुवात झाली. एका भूखंडावर स्वतःसाठी घर व दुसऱ्यावर भाड्याने देण्यासाठी इमारत, अशी योजना होती. भाड्याच्या इमारतीचे नाव ‘चार मिनार’. राहते घर १९३३ साली पूर्ण झाले, तेच राजगृह. खाली कुटुंबाची राहण्याची जागा आणि वर ग्रंथालय व कचेरी अशी त्याची रचना होती. बंगल्यात पुस्तकांचे एखादे कपाट सर्वांकडे असते, पण येथे पुस्तकांसाठीच घर बांधले गेले.

असे घर बांधावेसे का वाटले, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. बाबासाहेबांचे विद्यार्थिदशेतील दिवस परळच्या चाळीत गेले. खोली एक आणि माणसे पुष्कळ. वडील सुभेदार रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग भीमाला उठवत, कारण अभ्यासाला शांतता तेवढ्याच वेळी मिळे. १९१२ पासून पुढे सुमारे बावीस वर्षे परळच्याच बी. आय. टी. चाळीत दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. अमेरिकेत व इंग्लंडात त्यांनी पोटाला चिमटा घेऊन पुस्तके जमवली. १९१७ साली परत येताना सामान दुसऱ्या जहाजाने पाठवले होते. पहिल्या महायुद्धात ते जहाज पाणतीर लागून बुडाले आणि पुस्तकेही समुद्रात गेली. ज्याची पुस्तके एकदा अशी गेली, त्याला पुस्तकांना पक्के छप्पर असावे असे वाटले तर नवल ते काय?

या वास्तूत झालेले काम पाहिले की घराची खरी किंमत कळते. येवल्याची घोषणा १९३५ सालची, स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना १९३६ सालची, खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ सालचे. तेव्हा बाबासाहेबांचे बिऱ्हाड या घरात होते. याच घरात २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. चाळीत हालअपेष्टा सोसल्या आणि स्वतःच्या घराचे सुख फार दिवस लाभले नाही. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि त्यांचा मुक्काम दिल्लीला हलला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाल्यावर विमानाने पार्थिव मुंबईला आणले, ते अंत्यदर्शनासाठी राजगृहातच ठेवले होते. अंत्ययात्रा निघाली तीही याच दारातून.

मग बाबासाहेब श्रीमंत होते का? आम्ही बँकेत खात्यांचा जमाखर्च पाहणारी माणसे, म्हणून त्याच भाषेत सांगतो. वकिली चालू लागल्यावर मिळकत झाली, ती घरात आणि ग्रंथांत गेली. १९४१ साली ‘चार मिनार’ विकावी लागली. कशासाठी? देणी भागवण्यासाठी आणि पुस्तके घेण्यासाठी. पैसा असलेला माणूस घराला घर जोडतो. येथे महिन्याचे भाडे देणारी इमारत गेली आणि पुस्तके आली. संग्रह पन्नास हजारांवर गेला होता असे सांगतात. त्यांतील बरेच ग्रंथ पुढे सिद्धार्थ महाविद्यालयाला मिळाले. म्हणजे खर्च एकाने केला आणि व्याज पुढच्या पिढ्यांच्या खात्यावर जमा झाले. आमच्या मते त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

राहिला पहिला प्रश्न, कोणत्या राजाचे? राजगृह हे मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव. आज बिहारमध्ये ते राजगीर म्हणून ओळखले जाते. तेथे बिंबिसार राजा राज्य करीत होता. त्याने आपले वेळुवन नावाचे उद्यान भगवान बुद्धांच्या भिक्खुसंघाला दान दिले. गृध्रकूट पर्वतावर भगवंतांचा निवास असे आणि महापरिनिर्वाणानंतरची पहिली धम्मसंगीतीही राजगृहाजवळच भरली. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. त्याच्या तेवीस वर्षे अगोदर बाबासाहेबांनी आपल्या घराला हे नाव दिले, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. ज्या नगरीत राजाने आपले उद्यान संघासाठी मोकळे केले, त्या नगरीचे हे नाव आहे. म्हणून राजगृह कोणत्याही एका राजाचे नाही. ज्ञान घ्यायला येईल त्याचे ते आहे.

राजगृह पाहायला जाणाऱ्यांसाठी चार शब्द. दादर स्थानकाच्या पूर्वेला उतरून चालत जाता येते. तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू व छायाचित्रे पाहायला मिळतात. वरच्या भागात आंबेडकर कुटुंबाचे वास्तव्य आहे, तेव्हा आपण कोणाच्या तरी घरी आलो आहोत हे विसरू नये. आवाज हळू ठेवावा आणि छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. सहा डिसेंबरला तेथे अलोट गर्दी असते. अभिवादनासाठी त्या दिवशी अवश्य जावे, परंतु मुलांना घर समजावून द्यायचे तर एखादा साधा दिवस निवडावा. जुलै २०२० मध्ये अज्ञात इसमांनी या वास्तूच्या आवारात कुंड्यांची व काचांची मोडतोड केली, तेव्हा आंबेडकर कुटुंबीयांनी शांततेचे आवाहन केले आणि समाजाने ते पाळले. वास्तूचा मान कसा राखावा, हा धडाही तेथूनच मिळतो.

शेवटी आपल्या गावाविषयी. आपल्याकडे आजही अनेक मुले एका खोलीच्या घरात, चुलीच्या धुरात आणि टीव्हीच्या आवाजात अभ्यास करतात. सुभेदार रामजींप्रमाणे रात्री दोनला उठवणारा बाप प्रत्येकाला लाभत नाही. विहाराची मागची खोली वर्षातील बहुतेक दिवस बंद असते. सतरंज्या आणि जयंतीचे सामान एका बाजूला लावून तेथे दोन टेबले, चांगला दिवा आणि पुस्तकांचे एक कपाट ठेवले, रात्री सात ते दहा खोली उघडी राहिली, तर फार मोठा खर्च येणार नाही. किल्ली सांभाळायला आळीपाळीने माणसे मात्र लागतील. आमचे नाव त्यांत पहिले लिहावे. येत्या सभेत हा विषय घ्यावा अशी सर्व सभासद बंधुभगिनींना नम्र विनंती आहे.

त्या मुलीची दहावीची परीक्षा पुढच्या वर्षी आहे. तोपर्यंत ती खोली उघडावी.

जय भीम!