क्लब गेला, मैदान गेलं, कपही गेला. तरी विम्बल्डनच्या चाहत्यांनी १९८८ ची ती मॅच परत मिळवली

विम्बल्डन म्हटलं की आपल्याला आठवतं ते टेनिस. हिरवंगार गवत, पांढरे कपडे आणि स्ट्रॉबेरी. पण लंडनच्या याच भागात एका फुटबॉल टीमचे चाहते राहतात. त्यांच्यासमोर जुन्या मॅचेसचा विषय काढायचा अवकाश, गाडी थेट १९८८ ला जाऊन थांबते. फ्री किक कुणी घेतली, हेडर कुणी मारला, पेनल्टी कशी अडवली, सगळं तोंडपाठ. त्यातले कित्येक जण तर तेव्हा जन्मलेही नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? लिव्हरपूलवाले २००५ चं इस्तंबूल काढतात, कोलकात्यात मोहन बागानवाले थेट १९११ ची आयएफए शिल्ड काढतात. जुन्या मॅचेसच्या गप्पा तर प्रत्येक टीमचे चाहते मारतात.

फरक एवढाच, की "ती मॅच आमची आहे" हे म्हणण्यासाठी विम्बल्डनच्या चाहत्यांना काही वर्षं भांडावं लागलं.

त्या मॅचमध्ये असं काय झालं होतं?

विम्बल्डनचा क्लब १८८९ सालचा. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेला. सुरुवातीच्या मॅचेस गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर, म्हणजे विम्बल्डन कॉमनवर व्हायच्या. १९१२ पासून प्लाऊ लेन हे त्यांचं घर झालं.

बरीच वर्षं ही टीम इंग्लंडच्या मुख्य लीगमध्येही नव्हती. १९७५ मध्ये एफए कपमध्ये त्यांनी पहिल्या डिव्हिजनमधल्या बर्नलीला बर्नलीच्याच मैदानावर हरवलं. पुढच्या फेरीत बलाढ्य लीड्सला त्यांच्या घरी ०-० वर रोखलं. त्या मॅचमध्ये गोलकीपर डिकी गाइने पेनल्टी अडवली होती. रिप्लेमध्ये विम्बल्डन हरलं, पण डिकी गाइ हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

१९७७ मध्ये क्लब मुख्य लीगमध्ये आला आणि अवघ्या नऊ वर्षांत सगळ्यात वरच्या डिव्हिजनला पोचला. रांगडा खेळ आणि ड्रेसिंग रूममधल्या टवाळक्या यामुळे टीमला "क्रेझी गँग" नाव पडलं.

१४ मे १९८८. वेम्ब्लीवर एफए कपची फायनल. समोर लिव्हरपूल, म्हणजे त्या वर्षीचे लीग चॅम्पियन. ३७ व्या मिनिटाला डेनिस वाइजच्या फ्री किकवर लॉरी सांचेझने हेडर मारला, गोल! दुसऱ्या हाफमध्ये लिव्हरपूलला पेनल्टी मिळाली. जॉन ऑल्ड्रिजची किक कॅप्टन आणि गोलकीपर डेव्ह बीझंटने अडवली. वेम्ब्लीवरच्या एफए कप फायनलमध्ये पेनल्टी अडवणारा तो पहिलाच गोलकीपर. स्कोअर १-० राहिला आणि कप विम्बल्डनला आला.

मग क्लब गेला कुठे?

१९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियमच्या दुर्घटनेत लिव्हरपूलच्या चाहत्यांचे जीव गेले. त्यानंतर मोठ्या क्लबांना उभं राहायची स्टँड्स काढून सगळीकडे खुर्च्या बसवायला सांगण्यात आलं. छोट्या, जुन्या प्लाऊ लेनवर हे करणं क्लबला परवडणारं नाही, असं सांगितलं गेलं. १९९१ मध्ये टीम क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून राहायला गेली. स्वतःचं घर गेलं ते गेलंच.

२००० मध्ये टीम प्रीमियर लीगमधून बाहेर पडली. तारीख होती १४ मे. कप जिंकला त्याला त्या दिवशी बरोबर १२ वर्षं झाली होती.

पुढच्याच वर्षी मालकांनी जाहीर केलं, की क्लब लंडन सोडून मिल्टन कीन्सला न्यायचा. म्हणजे साधारण ९० किलोमीटर लांब. चाहत्यांनी आंदोलनं केली, सेलहर्स्ट पार्कवर जाणं सोडलं. पण मे २००२ मध्ये फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन जणांच्या समितीने दोन विरुद्ध एक मतांनी परवानगी देऊन टाकली. चाहत्यांनी नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असंही समितीच्या अहवालात म्हटलं होतं.

चाहत्यांनी काय केलं?

नेमकं तेच केलं. नवा क्लब काढला.

निकाल २८ मेला लागला आणि ३० मेला एएफसी विम्बल्डनचा जन्म झाला. खेळाडू हवे होते, म्हणून जूनमध्ये खुली निवड चाचणी ठेवली. कुठे? त्याच विम्बल्डन कॉमनवर, जिथे मूळ क्लबने शंभर वर्षांपूर्वी सुरुवात केली होती.

जुलैमध्ये पहिली मैत्रीपूर्ण मॅच सटन युनायटेडशी झाली. टीम ०-४ ने हरली. तरी हजारो लोक आले होते आणि ते खूश होऊन घरी गेले. कारण त्यांच्याकडे परत एक टीम होती.

लीगमधली जागा मात्र मिळाली ती थेट नवव्या पायरीवर. क्लबची मालकी चाहत्यांच्या ट्रस्टकडे आली, प्रत्येक सभासदाला एक मत. आणि क्लबचा अध्यक्ष कोण झाला? १९७५ मध्ये लीड्सची पेनल्टी अडवणारा डिकी गाइ.

पण कप कुणाचा?

खरा पेच इथे होता. कायद्याच्या दृष्टीने क्लब म्हणजे एक कंपनी. लीगमधली जागा कंपनीची, करार कंपनीचे आणि कपाटातल्या ट्रॉफ्याही कंपनीच्या. ती कंपनी आता मिल्टन कीन्सला होती. २००४ मध्ये त्या क्लबचं नाव एमके डॉन्स झालं. म्हणजे कागदोपत्री बघितलं तर १९८८ चा इतिहास ज्या गावाला गेला, त्या गावाचा त्या मॅचशी काडीचाही संबंध नव्हता.

विम्बल्डनच्या चाहत्यांचं म्हणणं सरळ होतं. वेम्ब्लीवर घसा फोडून ओरडलो आम्ही. पावसात प्लाऊ लेनच्या स्टँडमध्ये उभे राहिलो आम्ही. मग ती मॅच दुसऱ्याची कशी?

इंग्लंडमधले इतर क्लबांचे चाहतेही त्यांच्या बाजूने उभे राहिले. देशभरातल्या चाहत्यांच्या संघटनेने एमके डॉन्सच्या चाहत्यांना सभासद करून घ्यायला नकार दिला. आज विम्बल्डनचा क्लब हलला, उद्या आपला हलेल, ही धास्ती सगळ्यांनाच होती.

शेवटी २००६ मध्ये समझोता झाला. एमके डॉन्सने जुन्या इतिहासावरचा हक्क सोडला. आज तो क्लब आपला इतिहास २००४ पासूनच मोजतो. ऑगस्ट २००७ मध्ये एफए कपची प्रतिकृती आणि बाकीचे मानसन्मान विम्बल्डन ज्या हद्दीत येतं, त्या मर्टनच्या नगरपालिकेकडे सोपवण्यात आले.

आठवणींनी नक्की काय केलं?

२००२ च्या उन्हाळ्यात या चाहत्यांकडे मैदान नव्हतं, लीगमधली जागा नव्हती, खेळाडूही नव्हते. होत्या त्या फक्त जुन्या मॅचेस. "आम्ही तोच क्लब आहोत" हे सिद्ध करायला तेवढा एकच पुरावा होता. त्या मॅचेस सांगणारी माणसं विम्बल्डनमध्येच होती, म्हणून क्लबही विम्बल्डनमध्येच आहे, असं ते म्हणू शकले.

पुढे नव्या आठवणीही जमा झाल्या. एएफसी विम्बल्डन २००३ ते २००४ दरम्यान लीगच्या सलग ७८ मॅचेस हरलं नाही, हा इंग्लिश सीनियर फुटबॉलमधला विक्रम आहे. २०११ मध्ये पेनल्टी शूटआउटमध्ये लूटन टाउनला हरवून टीम मुख्य लीगमध्ये परतली. नऊ सीझनमध्ये पाच बढत्या!

नोव्हेंबर २०२० मध्ये जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर नवं प्लाऊ लेन सुरू झालं. स्टेडियमसाठी पैसे कमी पडले तेव्हा चाहत्यांनी बाँड घेऊन लाखो पौंड उभे केले होते. एवढं करून, पहिल्या मॅचला कोरोनामुळे स्टँड्स रिकामी होती. २९ वर्षांनी घरी आलेला क्लब त्यांना टीव्हीवर बघावा लागला.

आपल्याकडे असं काही झालं का?

टीम गेल्याचं दुःख मुंबईलाही माहीत आहे. महिंद्रा कंपनीने १९६२ मध्ये सुरू केलेली टीम पुढे महिंद्रा युनायटेड झाली. डेरिक परेरा कोच असताना २००५-०६ मध्ये त्यांनी नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. मुंबईच्या टीमने ही लीग जिंकायची ती पहिलीच वेळ. ड्युरँड कप, फेडरेशन कपही त्यांच्या नावावर आहेत. २०१० मध्ये कंपनीने टीम बंद केली.

विम्बल्डनसारखा चाहत्यांचा ट्रस्ट उभा राहिला नाही. टीम कंपनीची होती, ती कंपनीच्या निर्णयाने संपली. त्या टीमवर हक्क सांगायला आज दुसरा कुठलाही क्लब येणार नाही, त्यामुळे भांडणही नाही. कूपरेजच्या स्टँडमध्ये बसून ज्यांनी ती टीम पाहिली, त्यांनी सांगितलं तरच २००५-०६ चा तो सीझन पुढच्या पोरांपर्यंत पोचेल. नाहीतर विजेत्यांच्या यादीत एक ओळ तेवढी राहील.