ठोकळा उचलायचा दिवस

सकाळी ८. मेसमधले पोहे उभ्याउभ्या संपवून लॅबकडे. मामांनी कुलूप काढलेलंच असतं. रात्री चालू ठेवलेला प्रोग्राम पूर्ण झाला असेल तर बरं. पुण्यात पावसाळ्यात वीज जाऊन तो मध्येच मेलेला असण्याची शक्यता जास्त.

९ ते १२. लेक्चर. हजेरी भरायची असते, एवढंच.

१२.३०. इथून खरं काम. माझा रोबो म्हणजे गझीबो या सिम्युलेटरच्या पडद्यावरचा सहा सांध्यांचा हात. त्यानं पाच सेंटिमीटरचा, शंभर ग्रॅमचा ठोकळा उचलायचा. हात नीट पोचतो, पण चिमट्याचा धक्का कडेला लागला की ठोकळा नुसता सरकतो, वळत म्हणून नाही. जुनी फाइल उघडली तर जडत्वाघूर्णाच्या रकान्यात सगळीकडे १. कुणीतरी कधीतरी जागा भरण्यापुरता लिहिलेला. घनाचं सूत्र साधं आहे: वस्तुमान गुणिले बाजूचा वर्ग, भागिले सहा. उत्तर येतं ०.००००४ च्या आसपास. म्हणजे पडद्यावरचा ठोकळा वळायला चोवीस हजार पट जड होता! आकडा बदलला आणि पठ्ठ्या लगेच वळला.

३.००. सर डोकावतात. "घर्षणांक कुठून घेतलात?"
"नेटवरच्या तक्त्यातून, सर."
"फळी घ्या, तिरपी करा. ठोकळा घसरेल तो कोन मोजा."

४.००. वर्कशॉपमधून प्लायवूडची फळी आणली, तिच्यावर चिमट्याला लावतात ते रबर चिकटवलं. मोबाइलवर कोन बघत फळी उचलत गेले. २६ अंशांना ठोकळा सुटला. त्याचा टॅन ०.४९, तक्त्यात ०.८ होता. दिवसातला सगळ्यात मजेचा तास हाच, आणि त्यात कॉम्प्युटर लागला नाही.

६.००. कटिंग.

९.००. रात्रीची तयारी. घर्षणांक ०.४ ते ०.६ मध्ये दर वेळी बदलता ठेवायचा, म्हणजे हात एकाच आकड्याला सोकावत नाही. २०१७ मध्ये काही संशोधकांनी पडद्यावरच्या वस्तूंचे रंग-पोत असेच वाटेल तसे बदलून खऱ्या वस्तूची जागा दीड सेंटिमीटरपर्यंत अचूक ओळखून दाखवली होती. गझीबो एका सेकंदात हजार वेळा गणित करतो. आमच्या जुन्या पीसीला ते झेपत नाही. रोबोचा एक सेकंद आमचे अडीच सेकंद खातो, म्हणून रात्र लागते.

या विषयात येणार असाल तर अकरावीचं फिजिक्स रद्दीत घालू नका. आणि ग्राफिक्स कार्डासाठी अर्ज करण्याआधी लॅबला एक स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या.