आरोग्यावरचा खर्च आणि आरोग्य

ज्या देशात आरोग्यावर जास्त पैसा खर्च होतो, तेथील लोक अधिक निरोगी असतात काय? वरवर पाहता याचे उत्तर 'होय' असे वाटते. आकडे मात्र वेगळे सांगतात.

अमेरिकेने २०२२ साली आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे १७ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च केली. तरीही त्या वर्षी तेथील सरासरी आयुर्मान ७७.५ वर्षेच होते. जपानचा खर्च सुमारे ११ टक्के, पण आयुर्मान ८४ वर्षांच्या आसपास. आपल्या शेजारच्या बौद्धबहुल श्रीलंकेचा खर्च ४ टक्क्यांच्या घरात असूनही तेथील आयुर्मान अमेरिकेच्या अगदी जवळ जाते. मोफत सरकारी दवाखाने, गावोगावी प्रशिक्षित सुईणी आणि मुलींचे शिक्षण हे तेथील यशाचे रहस्य आहे.

याचा अर्थ पैसा नकोच असा मुळीच नाही. भारतात २०२१-२२ साली सरकारी आरोग्यखर्च उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. त्याच वर्षी एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ३९ टक्के भार लोकांनी स्वतःच्या खिशातून उचलला. दवाखान्याच्या बिलासाठी मुदत ठेव मोडणारे, सोने तारण ठेवणारे लोक आम्हा बँक कर्मचाऱ्यांना नेहमीच भेटतात. म्हणजे पैसा तर हवाच. पण तो कोणासाठी आणि केव्हा खर्च होतो, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर मराठवाड्याच्या सीमेवरील जामखेडने दिले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेथे कार्य सुरू केले. गावातल्याच स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील अनेक जणी दलित व निरक्षर होत्या. पाण्याचे हातपंप दलित वस्तीत बसविण्यात आले. त्यामुळे स्वच्छ पाण्यासाठी सवर्णांनाही तेथे यावे लागले. १९७१ साली तेथील बालमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ होते. ते पुढील अडीच दशकांत तिसाच्या खाली आले. एवढा मोठा बदल घडला, तो महागड्या यंत्रांनी नव्हे, तर स्वच्छ पाणी, लसीकरण, पोषण आणि समता यांमुळे!

आता आपल्या भागाकडे पाहू. नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. रुग्ण अत्यवस्थ स्थितीत आले होते, असे रुग्णालयाच्या वतीने सांगण्यात आले; औषधे व मनुष्यबळाच्या तुटवड्याचीही चर्चा झाली. रुग्ण शेवटच्या घटकेला मोठ्या रुग्णालयात पोहोचत असतील, तर खालची साखळी कोठेतरी तुटली आहे, हे उघड आहे. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जेथे पिण्याचे पाणीच नाही, तेथे केवळ दवाखाने बांधून आरोग्य कसे लाभणार?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे फार पूर्वीच ओळखले होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणापूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली. रोग झाल्यावर खर्च करण्यापेक्षा माणूस आधीच जपावा, हाच त्यामागील विचार होय.

तथागतांनी आजारी पडलेल्या, उपेक्षित भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः स्नान घातले आणि भिक्खूंनी एकमेकांची शुश्रूषा करावी, असा दंडक घालून दिला. आपणही त्या मार्गाने जाऊ या. विद्यार्थ्यांनी आपल्या गावचे उपकेंद्र उघडे असते काय, आशाताईंकडे औषधे आहेत काय, प्रत्येक बालकाला लस मिळाली काय, हे पाहावे. सभासदांनी ग्रामसभेत पाण्याच्या शुद्धीकरणाचा हिशेब मागावा. शासनाकडे अधिक निधी जरूर मागू या, पण तो शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचतो की नाही, यावर लक्ष ठेवणे हेही आपलेच कर्तव्य आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!