रोजची व्हिटॅमिनची गोळी: कोणाला आणि कशासाठी?

शरीराला जीवनसत्त्वे लागतात ती मिलिग्रॅममध्ये, काही तर मायक्रोग्रॅममध्येच. चौरस आहार घेणाऱ्या निरोगी माणसाला ती बहुतेक जेवणातूनच मिळतात. वरून मल्टिव्हिटॅमिन घेतल्याने अशा माणसाचा हृदयविकार टळतो, असे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही. जादा बी गटातील आणि सी जीवनसत्त्व बरेचसे लघवीवाटे निघून जाते. गोळीनंतर लघवी गर्द पिवळी दिसते ती रायबोफ्लेविनमुळे (बी-२). ए आणि डी मात्र शरीरात साठतात आणि अतिरेक झाला तर बाधतात. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत (१९९४) बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर ए जीवनसत्त्व बनवते) घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होणे दूरच, १८ टक्के अधिक आढळला.

खरी गरज असते ती ठरावीक लोकांना. बी-१२ वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच. शाकाहाऱ्यांची सारी भिस्त दूध-दह्यावर. तेही कमी पडले की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही बी-१२ घटू शकते. गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड घेतल्यास बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूतील काही जन्मजात दोष बऱ्याच अंशी टळतात. अशांचा गोळ्यांवरचा खर्च निर्विवाद सार्थकी लागतो. बाकीच्यांनी कमतरतेची शंका असेल तर आधी रक्त तपासून घ्यावे आणि गोळी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी.